शांतता कुठल्या खात्यात टाकायची?

आमच्या ऑफिसच्या खतावणीत 'कम्युनिटी' नावाचं एक खातं होतं. डिझेल, पगार, बोटींचं भाडं, गोदीचे आकार ही खाती महिन्यागणिक वरखाली व्हायची; हे मात्र कधी खाली आलेलं मला आठवत नाही. पावत्या जवळजवळ नसायच्याच. व्हाउचरवर आमच्या सीएलओची, म्हणजे कंपनीतर्फे गावांशी बोलणी करणाऱ्या माणसाची, सही असायची आणि कारणाच्या रकान्यात 'युथ होमेज', 'चीफ्स – ख्रिसमस', 'राइट ऑफ वे', 'स्टँडबाय' असले शब्द. होमेज म्हणजे मान राखायचा नजराणा, चीफ म्हणजे गावचे प्रमुख, राइट ऑफ वे म्हणजे वाट द्यायचे पैसे. स्टँडबाय म्हणजे काम न करता हजर राहण्याचा पगार. खरं तर हजर राहण्याचाही नाही, अडवणूक न करण्याचा.

हे पोर्ट हारकोर्टमधलं. नायजेरियाच्या रिव्हर्स राज्याची राजधानी. नायजर नदीच्या मुखाशी खाड्यांचा आणि तेलाचा जो मुलूख आहे, नायजर डेल्टा, त्यातलं हे शहर. नवऱ्याची नोकरी ओन्नेच्या बंदरात होती, आणि कुंपणावर काटेरी तारा लावलेल्या वसाहतीत दिवसभर जनरेटरची घरघर ऐकत बसणं मला जमेना. हिशेबाचं शिक्षण होतं, म्हणून ट्रान्स अमाडी भागातल्या एका कंत्राटदाराकडे लागले. तेल कंपनीचं काम घेणारा एक मोठा कंत्राटदार, आणि त्याच्याकडून काम घेणारे आम्ही. बार्जवरून पाइप, वाळू, माणसं खाडीत नेऊन पोचवायची. फर्मचं नाव सांगत नाही. सांगून फार काही कळेल असंही नाही.

वर्षअखेरीला मी आमच्या ऑडिटरला विचारलं होतं, हा कम्युनिटीचा खर्च महसुली (त्याच वर्षी संपणारा) धरायचा की भांडवली (पुढे टिकणारा)? गावांशी संबंध चांगले झाले तर त्याचा फायदा पुढची कितीतरी वर्षं मिळणार, मग एकाच वर्षात का खर्ची टाकायचा? म्हातारा, शांत माणूस. चष्मा काढून म्हणाला, "मॅडम, इथे शांतता डिझेलसारखी आहे. महिन्याला भरायची, महिन्याला संपते. महसुलीच टाका."

टाकला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. शेल या तेल कंपनीनं मार्च २०२५ मध्ये नायजेरियातला जमिनीवरचा तेलाचा धंदा रेनेसान्स नावाच्या स्थानिक कंपन्यांच्या गटाला विकून टाकला, तेव्हा तो पुन्हा वर आला. जवळजवळ सत्तर वर्षं नफा-तोटा पत्रकं छापून झाली. ताळेबंदात त्या मुलखासाठी काय उरलं?

थोडं मागचं सांगते. १९५६ मध्ये आजच्या बायेल्सा राज्यातल्या ओलोइबिरी गावात तेल लागलं, १९५८ मध्ये पहिली निर्यात झाली, आणि १९७० चं दशक संपायच्या आत ती विहीर आटलीसुद्धा. गाव जिथल्या तिथे राहिलं. त्याआधीही हा मुलूख तेलासाठीच लुटला जात होता, फक्त तेव्हा ते पामतेल होतं. ब्रिटिशांनी या किनाऱ्याला 'ऑइल रिव्हर्स' हेच नाव दिलं होतं. १८९५ मध्ये नेंबेच्या राजा कोकोनं व्यापारी मक्तेदारीला कंटाळून रॉयल नायजर कंपनीच्या अकासा इथल्या ठाण्यावर हल्ला केला, आणि ब्रिटिश आरमारानं येऊन नेंबे जाळलं. म्हणजे तंट्याचं कारण शंभराहून जास्त वर्षं एकच आहे: माल आमच्या खाडीतून जातो, भाव दुसरे ठरवतात.

माझ्या धंद्याच्या नजरेतून पाहिलं तर या गोष्टीचा गाभा एका टक्केवारीत आहे. स्वातंत्र्याच्या वेळी नियम होता की ज्या प्रदेशातून खनिज निघेल त्या प्रदेशाला उत्पन्नाचा निम्मा हिस्सा. तेव्हा खरं उत्पन्न कोको, भुईमूग आणि पामतेलाचं होतं, तेलाचं नाममात्र. तेल वाढत गेलं तसा हा हिस्सा उतरत गेला. १९६९ च्या कायद्यानं जमिनीखालचं सगळं तेल केंद्राचं झालं, १९७८ च्या कायद्यानं वरची जमीनही राज्यांच्या गव्हर्नरांच्या हाती गेली, आणि १९८० च्या दशकात तेल देणाऱ्या राज्यांचा हिस्सा दीड टक्क्यापर्यंत आला. पन्नासवरून दीड! कुठल्याही भागीदारीत असं झालं तर भागीदार कोर्टात जातो. इथे इसाक अडाका बोरो नावाचा तरुण १९६६ मध्येच बंदूक घेऊन निघाला होता. त्यानं 'नायजर डेल्टा प्रजासत्ताक' जाहीर केलं, ते बारा दिवस टिकलं.

१९९९ च्या राज्यघटनेनं हा हिस्सा किमान १३ टक्के केला. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण तो पैसा येतो राज्याच्या तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली गव्हर्नरकडे. याच मुलखातल्या डेल्टा नावाच्या राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी यांना २०१२ मध्ये लंडनच्या कोर्टात १३ वर्षांची शिक्षा झाली; पैशांच्या अफरातफरीचा गुन्हा त्यांनी स्वतःच कबूल केला. बायेल्साचे गव्हर्नर अलामियेसेघा यांनाही २००५ मध्ये लंडनमध्येच अटक झाली होती. आमच्या ऑफिसात यावर एक विनोद होता: 'तेरा टक्के मिळाले हो, फक्त एकाच माणसाला.'

शेजारच्या टेबलावर बसणारी बाई ओगोनी या तिथल्या एका समाजातली होती. वयानं मोठी, म्हणून सगळे तिला ऑन्टी म्हणत, मीही म्हणायचे; ती मला 'मॅडम' म्हणायची आणि ते काही केल्या सोडायची नाही. खाडीकाठच्या बोडोजवळच्या एका गावातली. लहानपणी ओहोटीला खारफुटीच्या मुळांतून चिखलात शिरून शिंपल्या-गोगलगायी वेचायची, त्याचं कालवण व्हायचं. आता तिच्या गावच्या बाजारात जो मासा विकला जातो त्याला 'आइस फिश' म्हणतात. परदेशातून खोक्यांत गोठून आलेला बांगडा. खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावात! हे ती कधी रडून सांगायची नाही. डबा उघडताना सांगायची, चिडून.

ओगोनींचा लढा बंदुकीचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण बाहेरच्यांना डेल्टा म्हटलं की चेहऱ्यावर फडकं बांधलेले बंदूकधारी आठवतात. १९९० मध्ये त्यांनी आपल्या हक्कांची सनद लिहून काढली. ४ जानेवारी १९९३ ला सुमारे तीन लाख ओगोनी शांतपणे रस्त्यावर आले; सगळा समाजच साधारण पाच लाखांचा. त्याच वर्षी शेलनं ओगोनीतलं उत्पादन थांबवलं. १९९४ मध्ये त्यांच्याच चार वडीलधाऱ्या नेत्यांचा जमावानं खून केला, त्याचा ठपका या लढ्याचे पुढारी, लेखक केन सारो-विवा यांच्यावर ठेवून लष्करी राजवटीनं खास न्यायासन नेमलं, आणि १० नोव्हेंबर १९९५ ला त्यांना आणि आणखी आठ जणांना पोर्ट हारकोर्टच्या तुरुंगात फाशी दिलं. कॉमनवेल्थनं लगेच नायजेरियाचं सदस्यत्व स्थगित केलं. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी त्या नऊ जणांना माफी जाहीर केली, वर सन्मानही दिले. ऑन्टीचा निरोप आला: "माफी कशाची? गुन्हा कुठला?" ओगोनी संघटनांनीही साधारण हेच विचारलं. माफी आणि निर्दोष ठरवणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

तर, बंदुका न उचलणाऱ्यांचं हे झालं. पुढच्या पिढीनं यातून काय धडा घेतला असेल?

२००६ च्या सुरुवातीपासून 'मेंड' नावाच्या संघटनेनं पाइपलाइनी उडवायला आणि परदेशी कामगार पळवायला सुरुवात केली. जून २००८ मध्ये ते किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर आत समुद्रातल्या बोंगा तेलक्षेत्रापर्यंत बोटींनी पोचले. आम्ही तेव्हा 'मोपोल', म्हणजे बंदूकधारी पोलीस, पुढच्या गाडीत असल्याशिवाय बाजारातसुद्धा जात नव्हतो. देशाचं तेल उत्पादन धडाधड खाली आलं आणि राजधानी अबुजाला अचानक डेल्टाची काळजी वाटू लागली.

२५ जून २००९ ला राष्ट्राध्यक्ष उमारू यार'अदुआंनी माफी जाहीर केली. ६ ऑगस्ट ते ४ ऑक्टोबर या मुदतीत शस्त्रं टाका, खटला नाही. वर प्रशिक्षण आणि दरमहा ६५,००० नायरा (नायरा हे तिथलं चलन). पुढे यादी ३०,००० जणांची झाली. आता माझ्यासारखीनं गुणाकार केला नसता तरच नवल: महिन्याला १९५ कोटी नायरा, वर्षाला २,३४० कोटी, आणि हा नुसता भत्ता, प्रशिक्षण वेगळं. तेल पुन्हा दिवसाला वीस लाख पिंपांच्या वर गेलं, म्हणजे सरकारला हा सौदा स्वस्तच पडला. अपहरणं कमी झाली, मी मोपोलशिवाय बाजारात जाऊ लागले. हे मी नाकारणार नाही. जे लोक आज ती माफी फसवी होती म्हणतात, त्यांनी २००८ मधलं पोर्ट हारकोर्ट पाहिलेलं नसावं.

पण २०११ मध्ये देशाचं किमान वेतन ठरलं १८,००० नायरा. म्हणजे बंदूक टाकणाऱ्याला किमान वेतनाच्या साडेतीन पट, आणि शाळेत शिकवणाऱ्याला, मासे पकडणाऱ्याला, तेल सांडून ज्याचं शेत गेलं त्याला काही नाही. याद्या बनवल्या टोळ्यांच्या 'जनरल' लोकांनी, त्यामुळे बायका त्यात जवळजवळ नव्हत्या. आमच्या सीएलओचा एक भाचा यादीत होता. त्यानं बंदूक फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिली होती. माफी योजनेच्या ओबुब्रा इथल्या शिबिरात अहिंसेचं शिक्षण घेऊन आला, मग वेल्डिंग शिकून आला, सर्टिफिकेट कडक कागदावर छापलेलं. वेल्डिंगचं काम मात्र मिळालं नाही. आणि ते मिळेल याची सोय कुठल्याच योजनेत नव्हती. ऑन्टीचा थोरला मुलगा डिप्लोमा करून घरी बसला होता. ती म्हणाली होती, "माझ्या मुलाची चूक एवढीच की त्यानं कुणाला पळवलं नाही."

भत्त्याचं पुढे काय झालं तेही पाहा. तो ६५,००० वरच अडकला. २००९ मध्ये त्याचे सव्वाचारशे-साडेचारशे डॉलर व्हायचे, २०२४ मध्ये पन्नाससुद्धा नाहीत. त्याच वर्षी किमान वेतन ७०,००० झालं, म्हणजे साडेतीन पटीचा मान गेला आणि भत्ता वेतनाच्याही खाली आला. कुणी काही कापलं नाही, चलन घसरलं इतकंच. यातून त्या माणसांच्या हातात काय आलं? ना धंदा, ना जमीन, ना कौशल्याला गिऱ्हाईक.

मधल्या काळात २०१५ मध्ये सरकार बदललं, पाइपलाइन राखण्याची जुनी कंत्राटं बंद पडली, माफी योजनेच्या पैशांना कात्री लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'नायजर डेल्टा ॲव्हेंजर्स' नावाच्या नव्या टोळीनं फोर्काडोस या तेलाच्या टर्मिनलची समुद्राखालची निर्यात लाइन उडवली. ऑडिटरचं डिझेल संपलं होतं.

मग काय? २०२२ मध्ये पुन्हा भरलं. 'टोम्पोलो' या नावानं ओळखले जाणारे मेंडचे माजी सेनानी, त्यांच्या टान्टिटा कंपनीला पाइपलाइन पहाऱ्याचं अब्जावधी नायरांचं सरकारी कंत्राट मिळालं. याचा परिणाम मात्र झाला, आणि तो मजेशीर आहे. काही आठवड्यांतच त्यांच्या माणसांनी फोर्काडोस टर्मिनलपासून समुद्रात जाणारी चार किलोमीटर लांबीची चोरटी पाइपलाइन शोधून काढली. सरकारी तेल कंपनीच्या प्रमुखांनी संसदेत सांगितलं की ती नऊ वर्षं चालू होती. नऊ वर्षं! चार किलोमीटरचा पाइप समुद्रात टाकायला बार्ज लागतात, पाणबुडे लागतात, वेल्डर लागतात. आम्ही तोच धंदा करायचो, मला खर्च माहीत आहे. हे काम खाडीतल्या उपाशी पोरांचं नव्हे. उत्पादन त्या सुमारास दिवसाला दहा लाख पिंपांच्याही खाली गेलं होतं, नंतर सावरलं. तरी मी टान्टिटाला 'उपाय' म्हणत नाही. खातं तेच, फक्त आकडा मोठा आणि वाउचरवरचं कारण नीटनेटकं.

ज्यांना ना माफी मिळाली ना कंत्राट, ते 'क्पोफायर'कडे गेले: चोरलेलं कच्चं तेल झाडीत पिंपांत उकळून त्यातून डिझेल-रॉकेल काढायचं. यात दिवसाला जे मिळतं ते कुठल्याच सरळ कामात मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये इमो राज्यात अशाच एका भट्टीचा स्फोट होऊन शंभरावर माणसं जळून मेली. लष्करानं धाड घातली की भट्टीसकट तेल पेटवून देतात, म्हणजे हवेचं वाटोळं दोन्हीकडून. २०१६ अखेरीपासून शहरावर काजळी पडायला लागली. फरशी पुसावी, तासाभरानं पाय काळे. माझ्या नवऱ्यानं पांढरे शर्ट घालणं सोडलं.

एवढं वाचून वाटेल की बाई नुसती तक्रार करतेय. नाही. तिथं असताना दोन-तीन गोष्टी मी अशा पाहिल्या-ऐकल्या की ज्या मी खुशाल भांडवली खर्चात धरल्या असत्या.

एक अकासाची. तेच ते, राजा कोकोनं हल्ला केलेलं. १९९७ पासून तिथे स्टॅटऑइल आणि बीपी या तेल कंपन्यांच्या पैशानं, पण प्रो-नातुरा या संस्थेच्या हातून एक वेगळा प्रयोग झाला. संस्थेची माणसं गावांतच राहिली, महिनोन् महिने नुसती ऐकत राहिली, मग गावांनी स्वतःचं प्रतिष्ठान स्थापन केलं. काय बांधायचं, कुणी बांधायचं, किती पैसे झाले हे गावसभेत ठरायचं. यात तरुणही होते, बायकाही होत्या, नुसते चीफच नव्हेत. आमच्या सीएलओला हा प्रकार अजिबात आवडायचा नाही. "इतका वेळ कुणाकडे आहे?" तो म्हणायचा. कबूल, आमच्याकडे नव्हता. बार्जचं भाडं दिवसावर असतं. पण मग तेवढाच काळ टिकणारी शांतता मिळते, हेही ओघानं आलंच.

दुसरी एलेमेची, पोर्ट हारकोर्टच्या वेशीवरची. तिथला सरकारी पेट्रोकेमिकल कारखाना बंद पडल्यात जमा होता, तो २००६ मध्ये इंडोरामा कंपनीनं घेतला. त्या व्यवहारात आसपासच्या गावांना कारखान्याचे साडेसात टक्के समभाग मिळाले. देणगी नाही, होमेज नाही, समभाग. दरवर्षी लाभांश येतो, चारचौघांत येतो. त्याच्या वाटणीवरून भांडणं होत नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पैसा आहे म्हटल्यावर भांडण आहे. पण कारखाना बंद पडला तर आपलाच लाभांश बुडेल हे गावातल्या पोरालाही कळतं. मला त्या सगळ्या मुलखात दिसलेली ही एकच व्यवस्था, जिथं गावकरी ताळेबंदाच्या भांडवलाच्या बाजूला बसलेत. बाकी सगळीकडे ते खर्चात.

तिसरी गोष्ट बायकांची, आणि ती ऑन्टीनं सांगितल्याशिवाय मला कळलीच नसती. जुलै २००२ मध्ये उग्बोरोडो गावच्या, इत्सेकिरी समाजाच्या शेकडो बायका फेरीबोटीतून शेव्हरॉन तेल कंपनीच्या एस्क्राव्होस टर्मिनलवर उतरल्या आणि तिथंच बसल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कुणाच्याही हातात शस्त्र नाही. शेकडो कामगार आत अडकले. बायकांनी एवढंच सांगितलं की हात लावाल तर आम्ही कपडे उतरवू. तिथं आईच्या वयाच्या बाईनं असं करणं हा पुरुषाला लागणारा सर्वांत वाईट शाप. सैनिक हलले नाहीत. दहा दिवसांनी कंपनीनं लेखी कबूल केलं: नोकऱ्या, वीज, पाणी, शाळा. पुढच्याच वर्षी वारी शहराभोवती मोठा हिंसाचार झाला, आणि २००५ मध्ये शेव्हरॉननं एकेका चीफला गाठून पैसे देण्याची पद्धत सोडून गावांच्या गटांशी एकत्रित करार करायला सुरुवात केली. वाटाघाटीच्या पहिल्या खोलीत बायका आपल्या पायांनी चालत गेल्या होत्या. माफीच्या वेळी मात्र त्यांची आठवण कुणालाच झाली नाही, कारण त्यांच्याकडे जमा करायला बंदूक नव्हती.

आता कायदा काय म्हणतो ते. ऑगस्ट २०२१ मध्ये नायजेरियाचा नवा पेट्रोलियम कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक तेल कंपनीनं आदल्या वर्षीच्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम तिथल्या गावांच्या विकास विश्वस्त निधीत भरायची. गावांनी १० टक्के मागितले होते. पण ३ की १० यापेक्षा मला दोन बारीक कलमं जास्त खुपतात. एक म्हणजे विश्वस्त मंडळ नेमण्याची दोरी कंपनीच्याच हातात ठेवली आहे. दुसरं म्हणजे गावाच्या हद्दीत पाइपची मोडतोड झाली की दुरुस्तीचा खर्च त्या निधीतून वळता. चार किलोमीटरचा चोरटा पाइप नऊ वर्षं ज्यांना दिसला नाही, त्यांनी रात्रीच्या अंधारात बाहेरून येणाऱ्या बार्जवर ऑन्टीच्या गावानं नजर ठेवावी, आणि चुकलं तर दवाखान्याचे पैसे सोडावेत! हा पहारा फुकटात करून घेण्याचा बेत आहे. तरीही मी हा कायदा टाकाऊ म्हणत नाही. पैसा पहिल्यांदाच गव्हर्नरला वळसा घालून गावापर्यंत येण्याची वाट तयार झाली आहे, आणि तीन चतुर्थांश रक्कम भांडवली कामांवरच खर्च करायची असं कलमातच लिहिलंय. माझ्या ऑडिटरनं हे वाचून चष्मा पुसला असता.

मात्र दुसऱ्या एका विकासयंत्रणेचं काय झालं ते विसरून चालणार नाही. एनडीडीसी, म्हणजे नायजर डेल्टा विकास आयोग, २००० मध्ये स्थापन झाला. २००१ ते २०१९ मध्ये त्याला सुमारे ६ लाख कोटी नायरा मिळाले, आणि २०२१ मध्ये सादर झालेल्या न्यायवैद्यक लेखापरीक्षणात १३,७७७ कामांमध्ये गडबड असल्याचं निघालं. तेरा हजार! त्याआधी संसदेच्या समितीपुढं पैशांचा जाब देताना आयोगाचे प्रभारी प्रमुख खुर्चीतच बेशुद्ध पडले. सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. एवढ्या नोंदी एका बसकीत पाहिल्या तर मीही पडले असते.

आणि सगळ्याच्या तळाशी पाणी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेनं ऑगस्ट २०११ मध्ये ओगोनीलँडचा अहवाल दिला. एका गावच्या विहिरींत बेन्झिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट सापडलं, आणि भूजलावर आठ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर. अहवालानं सांगितलं, पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं, आणि सुरुवातीला १०० कोटी डॉलर. जमीन प्रत्यक्षात खणून स्वच्छ करायला सुरुवात झाली जानेवारी २०१९ मध्ये. मधली सात वर्षं ती माणसं काय पीत होती? बोडोच्या २००८ मधल्या गळतीची भरपाई लंडनमध्ये दावा लावल्यावर २०१५ मध्ये मिळाली: साडेपाच कोटी पौंड, त्यातले साडेतीन कोटी १५,६०० कोळ्यांना वाटले, माणशी साधारण २,२०० पौंड. ऑन्टीच्या नात्यातल्या कुणी घराला पत्रे घातले, कुणी मोटारसायकल घेतली. खाडी तशीच काळी होती, त्यामुळे जाळं कुणीच घेतलं नाही. हे मला फार बोलकं वाटलं. ज्याला पुढच्या वर्षी मासा मिळेल अशी खात्री आहे तोच जाळं विकत घेतो.

आता सरकारला ओगोनीत पुन्हा तेल काढायचंय. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ओगोनी नेत्यांना अबुजाला बोलावून तशी बोलणीही केली. ऑन्टी याच्या विरुद्ध नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल, मला वाटलं. तिचं म्हणणं, तेल जमिनीत ठेवून आमची पोरं जेवणार नाहीत. पण आधी नळाला पाणी, मग तेलाची विहीर. आणि या वेळी होमेज नको, एलेमेसारखा हिस्सा हवा.

माझी भर हिशेबनिसाची आहे. निधीचं बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला चर्चच्या दारावर आणि बाजारात लावायचं, पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीतल्या इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. खर्चाच्या चेकवर तीन सह्या, त्यातली एक बाजारात बसणाऱ्या बाईची. मी ऑन्टीला लिहिलं की चीफ लोक याला कधीच तयार होणार नाहीत. तिचं उत्तर आलं, "मॅडम, एस्क्राव्होसला कंपनी तरी कुठे तयार होती?"